पूजा तुमची, हवा माझी

साहेब कुठंही गेले की बसायच्या आधी दुसरं दार शोधायचे. लग्नाला गेले तरी नवरा-नवरीकडं नंतर बघणार, आधी मंगल कार्यालयाला मागून वाट आहे का ते बघणार. नसली तर दारातच उभं राहून अक्षता टाकायच्या आणि जेवायलाही दाराजवळच्या पंगतीत बसायचं. माझ्या भाच्याच्या साखरपुड्यात त्यांनी आचाऱ्यालाच गाठलं.

"समजा, आत्ता हा गॅस पेटला. काय करता तुम्ही?"

आचारी भज्यांचा घाणा काढत होता. म्हणाला, "पळतो की साहेब."

"कुठून?"

आचाऱ्यानं मागं बघितलं तर भिंत, पुढं कढई. साहेबांनी त्याच्या शेगड्या तिथल्या तिथं हलवायला लावल्या. जेवणं लांबली. घरातले सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काही साहेबांना मीच जन्म दिला होता.

अख्खा तालुका त्यांना 'समजा साहेब' म्हणायचा. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. ते तहसीलमध्ये अव्वल कारकून, आणि आपत्ती व्यवस्थापनाचं टेबल त्यांच्याकडं. हे टेबल कुणालाच नको असतं, हे एकदा सांगून टाकते. जमिनीच्या टेबलावर माणसं येतात, पुरवठ्याच्या टेबलावर माणसं येतात. या टेबलावर पावसाळ्यात फोन येतात आणि बाकी वर्षभर धूळ. ज्याच्यावर वरिष्ठांची खप्पामर्जी, त्याला हे टेबल. साहेबांनी मात्र ते मागून घेतलं होतं. मी विचारलं, कामून हो साहेब? तर म्हणाले, "मॅडम, मला तसंही दिवसभर वाईटच सुचतं. इथं त्याचा पगार मिळतो."

घरी तर विचारूच नका. त्यांच्या बाई शाळेत शिक्षिका. गॅसची टाकी बंद केली का, हे साहेब झोपायच्या आधी इतक्यांदा विचारत की बाई एकदा मला म्हणाल्या, "माझ्याशी लग्न करताना एवढा विचार केला नव्हता यांनी." उन्हाळ्यात गावं फिरायला निघाले की मोटारसायकलवर चक्क बुडण्यापासून वाचवायचं ते नारंगी जाकीट घालून निघायचे. परभणीचं ऊन, आणि हा माणूस फुगलेला. जिंतूरच्या रस्त्यावर म्हणे एस. टी. थांबवून लोकांनी बघितलं होतं. मी हसले तर म्हणाले, "अंगाला सवय पाहिजे. पाणी आल्यावर कुठला पट्टा कुठं अडकवायचा ते शोधत बसायचं का?"

मी तेव्हा गोदाकाठच्या एका गावची तलाठी होते. पहिलीच नेमणूक, अंगात मस्ती भरपूर. गाव उंचावर, पण गावाच्या आणि मळ्याच्या वस्तीच्या मधून एक ओढा नदीला जाऊन मिळतो. वरच्या धरणातून पाणी सोडलं की नदी त्या ओढ्यात उलटी शिरते, आणि वस्ती चहूबाजूंनी पाण्यात. तिथली कौसाबाई माझ्या येण्याआधीच्या पुरात जागची हललीच नव्हती. घर सोडायचं नाही म्हणून उखळ धरून बसली. म्हातारी हलत नाही म्हणून पोरगा हलला नाही, पोरगा नाही म्हणून सून आणि लेकरं नाहीत. पाणी उंबऱ्याला लागून उतरलं म्हणून सगळे वाचले. त्या दिवशी साहेब अलीकडच्या काठावर उभे होते, हातात भोंगा आणि घसा बसलेला. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ही एकच बाई होती. तालुक्यातली कुठलीही बैठक असू द्या, शेवटी मला बाजूला घेऊन विचारणार, "कौसाबाई काय म्हणते?"

मग पूर्वतयारीचं अनुदान आलं. तसं ते अधूनमधून यायचं, पण त्याचा मंडप व्हायचा, बॅनर व्हायचा, कार्यशाळेत पुरीभाजी व्हायची आणि मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र जायचं की खर्च झाला. या वेळी साहेब हटून बसले. भांडून, पत्रांवर पत्रं लिहून त्यांनी त्यातून हवा भरायची रबरी नाव आणवली, जाकिटं आणवली, दोर आणवला. आणि ती नाव तालुक्याच्या कोठीत न ठेवता आमच्या गावच्या शाळेत ठेवायची परवानगी काढली. परवानगी काढताना तहसीलदार साहेबांना विचारलं म्हणे, "समजा, पूर आला. नाव तालुक्याला, पूर गावाला. आधी कुणी कुणाकडं जायचं?"

नाव आली ती जाड प्लॅस्टिकमध्ये घडी घालून, वर कंपनीचं चकचकीत लेबल. आता सरकारी वस्तू म्हटली की आपल्या लोकांचा हात आपोआप आखडतो. तपासणीला वस्तू सुस्थितीत दाखवायची असते, आणि ती सुस्थितीत राहावी म्हणून वापरायचीच नाही ही आपली खात्रीची युक्ती. शेजारच्या तालुक्यात त्याच खेपेची नाव जुन्या मतपेट्यांच्या मागं प्लॅस्टिकसकट उभी होती आणि तिच्यावर पाल सुखानं नांदत होती. आमचे सरपंचही म्हणाले, "राहू द्या ना साहेब, लेबल तर काढू नका." साहेबांनी खिशातून ब्लेड काढलं आणि प्लॅस्टिक उभं फाडलं.

पण एकदा उघडून भागत नाही. दर वर्षी पावसाच्या आधी ती काढली पाहिजे, फुगवली पाहिजे, पाण्यात ढकलली पाहिजे, आणि त्यासाठी गाव आलं पाहिजे. प्रात्यक्षिक म्हटलं की गावातून कोण येतंय? पहिल्या वेळी मी, कोतवाल मारोती आणि दोन कुत्री. साहेब विचार करत पायरीवर बसले. मग म्हणाले, "मॅडम, आपल्या हापिसात वस्तू वर्षातून कधी पुसली जाते?"

"खंडेनवमीला," मी म्हटलं.

"त्या दिवशी सांगावं लागतं का कुणाला? जीप धुतात, कुलपं पुसतात, झेंडू आणतात, बायकोला आणतात. पण खंडेनवमी येते पाऊस संपताना. नदी काय दसऱ्यापर्यंत थांबणार हाय का? आपली खंडेनवमी मृगाच्या आधी."

साहेब बौद्ध. नारळ, कुंकू, ओटी यातलं काही त्यांच्या घरात नाही, आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. मी जरा चाचरतच विचारलं, साहेब, तुम्हाला चालेल? ते म्हणाले, "पूजा तुमी करा, हवा मी भरतो. कुणाचं कुणाला अडत न्हाई."

आणि काय गर्दी झाली म्हणता. नावेची पूजा आहे म्हटल्यावर वस्तीवरच्या बायकासुद्धा ताटं घेऊन आल्या. नदीच्या डोहाजवळ साहेब पायपंप मारत होते, नाव हळूहळू अंग धरत होती, लेकरं टाळ्या पिटत होती. बायकांनी हळदकुंकू वाहिलं. कौसाबाईनं तिची खणानारळानं ओटी भरली आणि तिला 'नावबाई' म्हणून टाकलं. ते नाव आजतागायत कायम आहे. मग मारोतीनं नारळ घेतला आणि मोठ्या भक्तीनं फोडला. कशावर म्हणाल, तर नावेच्या तोंडावरच. तोंड रबराचं, नारळ काही फुटेना, म्हणून त्यानं खाली दगड धरून आणखी जोरात हाणला. नारळ फुटला, करवंटी घुसली आणि नावबाई सगळ्या गावादेखत फुस्स करून बसली.

मारोतीच्या तोंडचं पाणी पळालं. सरपंच म्हणाले, "झालं, गेलं अनुदान पाण्यात." मी तर मनातल्या मनात खुलासा लिहायलाही लागले होते. आणि साहेब? साहेबांचा चेहरा उजळला. एवढा खूष झालेला मी तो माणूस त्याआधी पाहिला नव्हता.

"बरं झालं," ते म्हणाले. "हे काठावर झालं. आता ठिगळ लावायला शिकू."

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या स्टँडजवळचे पंक्चरवाले चाचा साहेबांच्या मोटारसायकलवर मागं बसून आले. त्यांनी नाव खालीवर बघितली आणि म्हणाले, "साब, ये तो बस बड़ा टूब हय." रबर घासायचं, सोल्युशन लावायचं, वाळेपर्यंत हात लावायचा नाही, हे गावातल्या पोरांना त्यांनी दाखवलं. पोरांना सायकलमुळं निम्मं येतच होतं. तेव्हापासून दर पूजेला साहेब स्वतःच्या हातानं नावेला एक छोटं भोक पाडायचे आणि कुणालाही बोट दाखवून म्हणायचे, "समजा, डोहाच्या मधोमध फाटली. या, लावा." सोल्युशनच्या नळ्या आणायला मात्र अनुदानात तरतूद नव्हती. नाव घेता येते, ठिगळ घेता येत नाही. साहेबांनी त्यावरही पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. नळ्या त्यांच्या खिशातून येत राहिल्या.

नावबाई दर वर्षी अशी थोडी थोडी विद्रूप होत गेली आणि गाव तिच्यावर जास्त जास्त जीव टाकत गेलं. जाकिटांचे रंग उडाले. पोरं डोळे झाकून पट्टे लावायची. बायकाही बसायला लागल्या, फोटो काढायला लागल्या. एकटी कौसाबाई बसायची नाही. ओटी भरायची, पाया पडायची आणि मागं सरायची. साहेब म्हणायचे, "मावशी, एक चक्कर मारा. काय होत न्हाई. भ्यायचं कारणच न्हाई."

ती म्हणायची, "तुमचं काय जातंय म्हणायला."

साहेब परत पंपाकडं वळायचे. परतीच्या वाटेवर मला म्हणायचे, "ही बसली न्हाई तर ते घर बसणार न्हाई मॅडम. बाकी सगळं केलेलं फुकट हाय." तेव्हा मला ते उगीच ताणतायत असं वाटायचं. एका म्हातारीसाठी एवढं काय, पोरगा उचलून आणील की. पण तिचा पोरगा मी पाहिला होता. तो आईला उचलणाऱ्यातला नव्हता.

मग एका उन्हाळ्याच्या शेवटी मान्सूनपूर्व तपासणीला वरून एक अधिकारी आले. तरणे, चुणचुणीत, बोलायला फटकळ पण मनानं वाईट नव्हते. पूजेचाच दिवस होता. गाव जमलेलं, साहेब पंपावर. अधिकारी वाकून नाव बघत राहिले.

"हे काय आहे?"

"ठिगळ, सर," साहेब म्हणाले.

"आणि हे?"

"ठिगळच."

"नवी बोट दिली होती ना तुम्हाला? पहिलं कशानं पडलं?"

साहेबांना खोटं बोलताच येत नसे. म्हणाले, "नारळानं, सर."

"शासकीय मालमत्तेवर तुम्ही नारळ फोडलात?"

मारोती माझ्या पाठीमागं जाऊन उभा राहिला. साहेब म्हणाले, "फोडला, सर. बाकीची भोकं मी पाडली."

अधिकाऱ्यांना आधी वाटलं थट्टा चाललीय. मग त्यांचा पारा चढला. शेजारच्या तालुक्यातली नाव त्यांनी सकाळीच पाहिली होती, तिचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं, त्याचं त्यांनी कौतुक केलं. ही नाव भंगारात काढायची, आजच्या आज जिल्ह्याला जमा करायची, आणि पुढच्या अनुदानात नव्या नावेची मागणी टाकायची, असं त्यांनी सांगून टाकलं.

"पुढचं अनुदान कधी येईल, सर?"

"आलं की येईल."

"सर, पाऊस तोंडावर आलाय. तोवर वस्तीनं काय करायचं?"

"हे बघा, मला यात माणसं बसवायची आहेत. उद्या ठिगळ सुटलं आणि कुणी बुडालं तर उत्तर मी द्यायचं. फुटक्या बोटीपेक्षा बोट नसलेली बरी."

"फुटकी न्हाई सर. ठिगळाची हाय."

"एवढी खात्री आहे ना? मग बसा तुम्ही. त्या डोहाच्या मध्यापर्यंत जाऊन या. मी इथं उभा आहे."

खाली बंधारा असल्यानं त्या डोहात भर उन्हाळ्यातही दोन पुरुष पाणी असतं. आम्हाला वाटलं, साहेब आता टुणकन उडी मारतील. साहेब हलले नाहीत. पंपाची नळी हातात धरून नुसते नावेकडं बघत राहिले. माझ्या बाजूला कौसाबाई उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाई, त्यांला पाण्याचं भ्या हाय. इतकी वरसं मी बगायलेय. हवा भरत्यात अन् कोरड्या पायानं घरी जात्यात."

मी आठवून बघितलं. खरंच की. एवढ्या पूजा झाल्या, सगळं गाव बसून झालं, पण साहेबांचा बूट कधी ओला झालेला मी पाहिला नव्हता. पंप, शिटी, सूचना, सगळं काठावरून. इतकी हुशार मी, आणि हे मला एका म्हातारीनं सांगावं लागलं याचा मला रागच आला.

साहेबांनी बूट काढले. मोजे घडी करून बुटात ठेवले. जाकीट घातलं, पट्टे आवळले, मारोतीला म्हणाले, "ओढून बघ." त्यानं ओढून बघितलं. मग मोबाईल माझ्या हातात दिला. भर उन्हात त्यांची बोटं गार पडली होती. पहिला पाय आत टाकला तशी नाव हलली आणि त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, तो काठावरच्या सगळ्यांनी ऐकला. कुणी हसलं नाही. दोन्ही हातांनी कडेचा दोर पकडून ते खाली बसले. मारोती आणि एक पोरगा वल्ही मारायला लागले.

मधोमध पोचेपर्यंत त्यांनी दोर सोडला नाही की मान वळवली नाही. मारोतीनं मुद्दाम नाव फिरवून चारी बाजूंची ठिगळं पाण्याखाली घातली. कुठं बुडबुडा आला नाही. साहेब परत आले तेव्हा चेहरा राखेसारखा आणि दातांवर दात वाजत होते. उतरायला मी हात दिला तर माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं की वळ उठला.

अधिकारी त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी विचारलं, "पोहता येतं ना तुम्हाला?"

"न्हाई सर. आमी राणीसावरगावकडचे. डोंगरातली माणसं. पाणी बघितलं ते हंड्यात."

"मग बसलात कसे?"

साहेब दम खात म्हणाले, "पोहता येतं त्याला नावेची काय गरज हाय सर? माझ्यासारख्यासाठीच घेतलीय ती."

खाली वाकून अधिकाऱ्यांनी एकेका ठिगळावर अंगठा दाबून बघितला. मग गाडीकडं जाता जाता म्हणाले, "राहू द्या इथंच. पण नारळ दगडावर फोडा." शेऱ्यात त्यांनी काय लिहिलं ते मी वाचलं नाही. त्यानंतर काही महिन्यांनी सोल्युशनच्या नळ्या मात्र सरकारी खर्चानं आल्या, एवढं खरं. कौसाबाई त्या दिवशी प्रसाद न घेताच वस्तीवर निघून गेली.

पाणी आलं ते पावसाळा उतरताना. सकाळीच निरोप आला की वरच्या धरणाची दारं उघडली. साहेब तालुक्याला नियंत्रण कक्षात फोनवर अडकलेले, त्यांना जागा सोडता येईना. मला म्हणाले, "मॅडम, दिवस हाय तोवर वस्ती अलीकडं आली पाहिजे. कौसाबाईपासून सुरुवात करा." आणि फोन ठेवला. मी शाळेत पोचले तोवर पोरांनी नाव फुगवून ओढ्याकडं नेलीसुद्धा होती. कुणाला काही सांगावं लागलं नाही. सांगायचं राहिलं होतं ते एकाच बाईला, आणि तिला काय सांगायचं हे मला कळत नव्हतं. वाटेत मी जुळवत होते: हात जोडीन, नातवंडांची शपथ घालीन, नाहीतर सरळ दम देईन.

ओढा तोवर फुगला होता. लाल पाणी उलट्या दिशेनं चढत होतं. पलीकडं नाव लागली तर कौसाबाई आधीच काठावर येऊन उभी. काखेत बोचकं, एका हातात शेळीचं दावं. वर आम्हालाच बोलली, "कवाची उभी हाय मी. किती उशीर." मारोतीनं जाकीट पुढं केलं, तिनं हात वर केले. शेळी सुनेकडं दिली आणि नावेत मधोमध फतकल मारून बसली. मागून पोरगा, सून, लेकरं, शेळी. मग बाकीची वस्ती, खेपांवर खेपा. दुपार कलायच्या आत मळ्यावर माणूस उरलं नाही. संध्याकाळी कौसाबाईच्या घरात कोनाड्यापर्यंत पाणी होतं. मागच्यासारखं उंबऱ्यावरून उतरणारं पाणी नव्हतं ते.

शेवटची खेप लागल्यावर शाळेच्या ओट्यावरून मी साहेबांना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"साहेब, वस्ती आली."

"कौसाबाई?"

"पहिल्या खेपेला."

मग म्हणाले, "काय सांगितलं तुमी तिला?"

"काहीच नाही. ती आधीच उभी होती."

कौसाबाई शेजारीच चहा पीत बसली होती. तिनं बशी खाली ठेवली, माझ्या हातातून फोन घेतला आणि मोठ्यानं, वस्तीवरून हाक मारल्यासारखी बोलली.

"साहेब, बसले बरं का मी. न भिणारं माणूस बस म्हणतंय तर त्याचं कोण ऐकतंय? तुमी लय भ्याले होते त्या दिवशी. मी बगितलं. भ्याले अन् तरी बसले. मंग म्हटलं, आपल्याला काय झालंय."

तिनं थोडा वेळ फोन कानाला धरून ठेवला. मग तो माझ्या हातात देत म्हणाली, "रडायलेत. तुमी बोला."